उपचारांची पदरमोड आणि दारिद्र्याचे गणित

आजारपणाच्या खर्चासाठी कुटुंबाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागणे ही भारतात इतकी सवयीची बाब आहे की तिची मोजदाद करण्याची गरज फार काळ कोणाला वाटली नाही. ज्यांनी ती केली त्यांच्या हाती आलेले आकडे मात्र धक्कादायक होते. २०११-१२ या एका वर्षात देशातील सुमारे साडेपाच कोटी लोक उपचारांवरील खर्चामुळे दारिद्र्यरेषेखाली गेले, आणि त्यांपैकी सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांच्या बाबतीत केवळ औषधांचा खर्च त्यास पुरेसा ठरला, असा निष्कर्ष 'पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया' या संस्थेतील शक्तिवेल सेल्वराज, हबीब हसन फारुकी आणि अनुप करण यांनी २०१८ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात मांडला. हा अभ्यास राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९४ ते २०१४ या वीस वर्षांतील माहितीवर आधारलेला होता.

या संस्थेचे काम दीर्घकाळ गुरुग्राम येथील सेक्टर ४४ मधून चालले. २८ मार्च २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. केंद्र सरकार आणि खासगी देणगीदार यांच्या संयुक्त निधीतून ती उभी राहिली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हृदयरोग विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. के. श्रीनाथ रेड्डी हे तिचे संस्थापक अध्यक्ष होत. त्यांच्यानंतर, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. संजय झोडपे यांनी अध्यक्षपदाची धुरा घेतली. सार्वजनिक आरोग्याचे प्रशिक्षण हे संस्थेचे मुख्य उद्दिष्ट असले, तरी आरोग्यखर्चाचे अर्थशास्त्र हा तेथील संशोधनाचा एक ठळक विषय ठरला.

गुरुग्रामचे नाव वैद्यकीय खर्चाच्या संदर्भात निघाले की बहुतेकांना संशोधन नव्हे, तर तेथील पंचतारांकित रुग्णालये आठवतात. २०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखले जाणारे हे शहर देशविदेशातील रुग्णांचे मोठे केंद्र आहे. २०१७ मध्ये तेथील एका खासगी रुग्णालयात डेंग्यूने दगावलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या उपचारांचे देयक सुमारे १६ लाख रुपये झाल्याचे उघडकीस आल्यानंतर देशभर संताप व्यक्त झाला. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने त्यानंतर दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची देयके तपासली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत काही वस्तूंवरील नफा सतराशे टक्क्यांहून अधिक असल्याचे आढळले. ही देयके आणि सेक्टर ४४ मधील संशोधकांची कोष्टके एकाच शहरात तयार होत होती, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. तथापि संशोधकांचे म्हणणे थोडे वेगळे होते. लाखोंची देयके वर्तमानपत्रांत येतात, पण बहुसंख्य कुटुंबांना खड्ड्यात घालते ती दरमहा औषधांच्या दुकानात मोजली जाणारी शे-दोनशे रुपयांची रक्कम.

मोजणी कशी होते

दारिद्र्यरेषेखाली 'ढकलले जाणे' हे शब्द ऐकावयास नाट्यमय वाटत असले, तरी त्यामागील हिशेब साधा आहे. कुटुंबाचा दरडोई मासिक खर्च आधी दारिद्र्यरेषेशी ताडून पाहिला जातो. नंतर त्यातून उपचारांवरील खर्च वजा करून तीच तुलना पुन्हा केली जाते. पहिल्या तुलनेत रेषेच्या वर आणि दुसऱ्या तुलनेत रेषेच्या खाली असणारी माणसे म्हणजे आजारपणाने गरीब झालेली माणसे.

सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साली ग्रामीण भारतासाठी ही रेषा दरडोई दरमहा ८१६ रुपये आणि शहरी भारतासाठी १००० रुपये होती. समजा, खेड्यातील पाच जणांच्या कुटुंबाचा दरडोई खर्च ८५० रुपये आहे. म्हणजे महिन्याचा एकूण खर्च ४२५० रुपये. रेषेनुसार पाच जणांसाठी ४०८० रुपये लागतात. दोहोंतील अंतर १७० रुपयांचे. घरातील एका वृद्धाच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या एवढे अंतर सहज पुसून टाकतात. शस्त्रक्रिया नाही, अतिदक्षता विभाग नाही, रुग्णालयाची पायरीही चढावी लागत नाही. रेषेच्या अगदी वर दाटीवाटीने राहणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांची स्थिती अशीच असल्यामुळे एकूण आकडा इतका फुगतो.

दारिद्र्य मोजण्याच्या या परंपरेत पुण्याचा वाटा मोठा आहे, याची आठवण येथे करून देणे अस्थानी ठरू नये. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर केलेला अभ्यास पुढील अनेक समित्यांच्या कामाचा आधार ठरला. त्या काळच्या रेषेची उभारणी प्रामुख्याने उष्मांकांवर, म्हणजे अन्नावर होती. आजारपण हे गरिबीचे कारण म्हणून हिशेबात येण्यास आणखी काही दशके जावी लागली.

दुसरी एक मोजपट्टी अधिक प्रचलित आहे. कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी १० टक्क्यांहून अधिक, किंवा कडक निकष लावल्यास २५ टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारांवर गेली, तर तो खर्च 'आपत्तीजनक' मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हाच निकष स्वीकारण्यात आला. अन्नावरील खर्च वगळून उरणाऱ्या रकमेच्या ४० टक्के हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष याहून निराळा आहे.

या सर्व मोजपट्ट्यांत एक गंभीर उणीव आहे आणि ती संशोधकही मान्य करतात. ज्याने पैशाअभावी डॉक्टरकडे जाणेच टाळले, त्याचा खर्च शून्य नोंदला जातो. हिशेबाच्या दृष्टीने तो 'सुरक्षित' ठरतो. जे आधीपासूनच रेषेखाली आहेत आणि उपचारांमुळे आणखी खोल गेले, तेही ओलांडणाऱ्यांच्या संख्येत मोजले जात नाहीत. शिवाय कर्ज काढून किंवा दागिना मोडून केलेला खर्च पाहणीत कुटुंबाचा 'खर्च' म्हणूनच दिसतो. त्यामुळे ते कुटुंब प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सुस्थितीत भासते, आणि फेडीचा भार मात्र पुढील वर्षांच्या संसारावर पडतो. जागतिक बँकेने २००२ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासानुसार भारतात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक मोठे कर्ज काढत किंवा मालमत्ता विकत होते. साडेपाच कोटी हा आकडा मोठा वाटत असला, तरी त्याला वरची मर्यादा समजणे चुकीचे ठरेल.

जळगावचा पूर्वप्रयत्न

गुरुग्राममधील संस्थेच्या स्थापनेच्या जवळजवळ दोन दशके आधी असा प्रयत्न महाराष्ट्रात झाला होता. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेसाठी रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९८९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्या काळी 'आरोग्यावरील खर्च' या शब्दप्रयोगाने सरकारी अंदाजपत्रकातील तरतूद एवढाच अर्थ अभिप्रेत असे. घरोघरी जाऊन विचारपूस केल्यावर मात्र दिसले की खर्चाचा मोठा भाग अंदाजपत्रकात नव्हे, तर कुटुंबांच्या जमाखर्चात दडलेला आहे आणि तो प्रामुख्याने खासगी डॉक्टरांकडे जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणले जात असतानाच लोक त्याला वळसा घालून जात होते, ही गोष्ट या पाहणीने आकड्यांनिशी पुढे आणली.

याआधी १९८१ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावर पर्यायी धोरण मांडले होते. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा त्यात मोठा सहभाग होता. आरोग्यावरील खर्च शतकाअखेर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत नेण्याची शिफारस त्या गटाने केली होती. ती कागदावरच राहिली.

विमा की थेट सेवा

आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर बाजारांसारखी का चालत नाही, याचे विवेचन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्येच केले होते. रुग्णाला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नसते, कोणता उपचार हवा हे ठाऊक नसते आणि केव्हा गरज पडेल हेही सांगता येत नाही. विकणाराच काय विकत घ्यावे ते ठरवतो. धान्याच्या दुकानात हे चालणार नाही, दवाखान्यात तेच चालते.

या विषमतेची किंमत किती भयंकर असू शकते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. ऊसतोडीचा एक दिवस बुडाला तर मजुरी जाते आणि वर दंडही भरावा लागतो. अशा स्थितीत पाळीचा त्रास कायमचा मिटवणारी शस्त्रक्रिया, ती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून करावी लागली तरी, फायद्याची वाटू लागते. सल्ला देणाऱ्यालाही तीच फायद्याची असते. उचल फेडण्यासाठी पुन्हा पुढचा हंगाम येतोच.

खर्चाचा भार एकट्या कुटुंबावर पडू नये यासाठी जगभर प्रामुख्याने दोन मार्ग अवलंबिले जातात. करांतून उभारलेल्या पैशाने सरकारने स्वतः सेवा पुरवावी, हा पहिला. सरकारने हप्ता भरून विमा काढावा आणि सेवा सरकारी वा खासगी रुग्णालयातून विकत घ्यावी, हा दुसरा. भारताने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू करून पहिल्या मार्गाला बळ दिले. पाठोपाठ २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणून दुसऱ्या मार्गावरही पाऊल टाकले. या योजनेत पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळत आणि लाभार्थ्याने ३० रुपये नोंदणी शुल्क भरावयाचे असे.

अनुप करण, विनी यिप आणि अजय महाल यांनी या योजनेचे मूल्यमापन करून २०१७ मध्ये जे निष्कर्ष मांडले ते योजनेच्या समर्थकांना निराश करणारे होते. गरीब कुटुंबांच्या पदरमोडीत लक्षणीय घट झाल्याचे त्यांना आढळले नाही. कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. योजनेत केवळ दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च धरलेला होता, तर कुटुंबांचा बराचसा पैसा बाह्यरुग्ण उपचारांवर आणि औषधांवर जात होता. गळती एका ठिकाणी आणि ठिगळ दुसरीकडे, असा हा प्रकार होता.

याविरुद्ध पुरावाही आहे आणि तो महाराष्ट्राच्या शेजारचाच आहे. कर्नाटकातील वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी राज्याच्या उत्तर भागात लागू झाली. योजना लागू असलेल्या व नसलेल्या विभागांच्या सीमेवरील ५७२ गावांची तुलना नीरज सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. योजनेत समाविष्ट असलेल्या हृदयविकार, कर्करोग आदी आजारांनी होणारे मृत्यू लाभार्थी गरीब कुटुंबांत स्पष्टपणे कमी आढळले आणि त्यांचा रुग्णालयीन खर्चही घटलेला दिसला. मोठ्या आजारांसाठी, नेटकेपणाने राबविलेला विमा जीव वाचवू शकतो, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र गोळ्यांच्या चिठ्ठीसाठी तो उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राची योजना साधारण याच वळणाची आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये संपूर्ण राज्यात सुरू झाली. त्या वेळी प्रति कुटुंब दीड लाख रुपयांची मर्यादा आणि ९७२ उपचार असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्यानंतर २०२० पासून दोन्हींची अंमलबजावणी एकत्रितपणे होऊ लागली. २०२३ मध्ये राज्याने मर्यादा ५ लाख रुपये करण्याचा आणि सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला. केंद्रानेही ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, आपल्या योजनेत समाविष्ट केले. व्याप्ती वाढली, मर्यादा वाढली. बाह्यरुग्ण उपचारांवरील नेहमीचा खर्च मात्र केंद्रीय योजनेच्या कक्षेबाहेरच राहिला.

औषधांचा प्रश्न

जगातील अनेक गरीब देशांना स्वस्त औषधे पुरविणाऱ्या भारतात औषधांच्या खर्चानेच लोक गरीब व्हावेत, ही विसंगती परदेशी अभ्यासकांना चटकन समजत नाही. औषध तयार होणे आणि ते सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर विनामूल्य मिळणे यांत बरेच अंतर असते. खिडकीवर 'बाहेरून आणा' असे सांगितले गेले की सरकारी उपचार घेणारा रुग्णही बाजाराच्या हवाली होतो. तेथे मूळ नावाऐवजी कंपनीच्या नावाने लिहिलेले औषध त्याला घ्यावे लागते. एकाच घटकाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असू शकतो, पण निवड रुग्णाच्या हाती नसते.

तमिळनाडूने यावर १९९० च्या दशकात तोडगा काढला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने खुल्या निविदा काढून, मूळ नावाने, घाऊक खरेदी सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारण्यात आली. प्रत्येक रुग्णालयाला बँकेच्या खातेपुस्तकासारखे एक पुस्तक देऊन त्यातील रकमेपर्यंत गरजेनुसार औषधे उचलण्याची मुभा दिली गेली. औषध वाटपापूर्वी त्याची प्रयोगशाळेत तपासणी होऊ लागली. यात वैद्यकीय शोध कोणताच नव्हता. होती ती चोख कारकुनी व्यवस्था, आणि आरोग्य अर्थकारणात तिचे मोल अनेकदा नव्या यंत्रांहून अधिक ठरते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू करताना याच नमुन्याचा आधार घेतला.

नियोजन आयोगाने ऑक्टोबर २०१० मध्ये श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटानेही औषधांवर भर दिला. सर्वांना आरोग्यसेवा कशी पुरविता येईल, हे सांगण्याचे काम या गटाकडे होते आणि त्याच्या अभ्यासाची तांत्रिक बाजू रेड्डी यांच्याच संस्थेने सांभाळली. २०११ च्या अहवालात गटाने सांगितले की, सरकारी आरोग्यखर्च बाराव्या योजनेच्या अखेरीस सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के आणि २०२२ पर्यंत तीन टक्के व्हावा. औषधखरेदीवरील सरकारी खर्च अर्ध्या टक्क्यापर्यंत वाढवावा. एकूण आरोग्यखर्चातील किमान ७० टक्के वाटा प्राथमिक सेवेसाठी असावा. रुग्णांकडून शुल्क घेऊ नये आणि पैसा मुख्यतः करांतून उभा करावा.

शुल्क नसावे, ही शिफारस भावनेपोटी केलेली नव्हती. १९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांना सरकारी दवाखान्यांत शुल्क आकारण्याचा सल्ला दिला होता. त्याच वर्षीच्या बामाको उपक्रमातून आफ्रिकेत औषधांसाठी पैसे घेण्याची प्रथा रुजली. उत्पन्न थोडे मिळाले, रुग्ण मात्र घटले. युगांडाने २००१ मध्ये शुल्क रद्द करताच दवाखान्यांतील गर्दी वाढली. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा यांनी केनियात गर्भवतींना मच्छरदाण्या देऊन केलेल्या प्रयोगात, विनामूल्य मच्छरदाणीची किंमत ६० सेंट केल्यावर ती घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के अंकांनी घसरल्याचे दिसले. फुकट वस्तूची कदर राहत नाही, हा युक्तिवाद या प्रयोगापुढे टिकला नाही.

महाराष्ट्राने आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद केले. औषधखरेदीची घडी मात्र बसण्यास वेळ लागला. २०१७ मध्ये हे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आले. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. अखेर २०२३ मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणासाठी कायदा केला. तमिळनाडूच्या महामंडळाला तोवर जवळजवळ तीन दशके झाली होती.

अल्प उत्पन्न देशांचा संदर्भ

जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अल्प उत्पन्न देशांत गणला जात असे. त्या गटातील देशांनी आरोग्यावर किमान किती खर्च करावा, याचा अंदाज जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने डिसेंबर २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला सादर केला. अत्यावश्यक सेवांसाठी २००७ पर्यंत वर्षाला दरडोई ३४ डॉलर लागतील, असे आयोगाचे म्हणणे होते. त्याच वर्षी आफ्रिकी देशांनी अबुजा येथे अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्याला देण्याचे वचन दिले. ते पाळणारे देश थोडेच निघाले.

थायलंडने २००१ मध्ये, स्वतःही फारसा श्रीमंत नसताना, भेटीमागे ३० बाट आकारून सर्वांना उपचार देण्याची योजना आणली. पैसा करांतून आला आणि ग्रामीण रुग्णालयांचे जाळे आधीच तयार होते. रवांडाने गावपातळीवरील परस्पर विम्याचा मार्ग धरला, पण त्यात परकीय मदतीचा वाटा मोठा होता. अशी मदत किती बेभरवशाची असते, हे २०२५ मध्ये दिसून आले. अमेरिकेने आपली आंतरराष्ट्रीय विकास संस्था त्या वर्षी १ जुलै रोजी बंद केली आणि एचआयव्ही, क्षयरोग व हिवताप यांवरील कार्यक्रम त्या निधीवर चालविणाऱ्या अनेक देशांना तातडीने पर्याय शोधावे लागले. भारताच्या बाबतीत हा धोका कमी आहे. येथील आरोग्यखर्चात परकीय मदतीचा वाटा नगण्य असून बहुतेक भार सरकार आणि कुटुंबे यांच्यातच वाटला जातो.

हा भार कोणाकडे किती, याचे उत्तर राष्ट्रीय आरोग्य लेखे देतात. २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरली होती आणि सरकारचा वाटा २८.६ टक्के होता. २०२१-२२ मध्ये कुटुंबांचा वाटा ३९.४ टक्क्यांवर आला आणि सरकारचा ४८ टक्क्यांवर गेला. सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांपर्यंत वाढला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ साठी ठरविलेल्या अडीच टक्क्यांपासून तो तरीही दूर होता.

ही घट मोठी आहे आणि सरकारने तिचा वारंवार उल्लेख केला आहे. परंतु टक्केवारीच्या जोडीला रुपयांतील आकडाही पाहावा लागतो. कुटुंबांचा दरडोई वार्षिक खर्च २०१३-१४ मध्ये २,३३६ रुपये होता, तो २०२१-२२ मध्ये चालू किमतींनुसार सुमारे २,६०० रुपये झाला. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम घटली नाही. सरकारचा खर्च अधिक वेगाने वाढल्याने तिचा वाटा लहान दिसू लागला. महागाई जमेस धरल्यास मात्र खरोखरच घट झाल्याचे मान्य करावे लागते. २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचे वर्ष होते आणि त्या वर्षीच्या सरकारी खर्चात त्याचाही भाग आहे.

अभ्यासकांचा खरा आक्षेप मोजणीच्या पायाबद्दल आहे. २०१७-१८ पासूनच्या लेख्यांतील कुटुंबांच्या खर्चाचा अंदाज राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीवर बेतलेला आहे. ही फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. पुढील वर्षांचे आकडे त्याच माहितीत वाढ धरून काढण्यात आले. त्याच फेरीनुसार, बाळंतपणे वगळता, रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागातील ८१ टक्के लोकांना आरोग्य विम्याचे कोणतेही संरक्षण नव्हते. केंद्राची जन आरोग्य योजना या पाहणीनंतर सुरू झाली. त्यामुळे तिचा परिणाम या माहितीत असणे शक्यच नाही, आणि कोविडच्या दोन वर्षांत कुटुंबांनी प्राणवायू, खाटा व औषधे यांसाठी प्रत्यक्षात किती पैसे मोजले, तेही तीत उमटलेले नाही. आरोग्यविषयक पुढील देशव्यापी पाहणी ८० व्या फेरीत, २०२५ मध्ये हाती घेण्यात आली.